मधला खांब: कॅरिबियन आईची आठवण

सेंट लुसिया हे पूर्व कॅरिबियनमधले बेट ६१७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे बृहन्मुंबईहून जेमतेम मोठे. लोकसंख्या दोन लाखांच्याही आत. एवढ्याशा बेटाने जगाला दोन नोबेल विजेते दिले: १९७९ मध्ये अर्थशास्त्रासाठी सर आर्थर लुइस आणि १९९२ मध्ये साहित्यासाठी कवी डेरेक वॉलकॉट. दोघांचा जन्म राजधानी कॅस्ट्रीजमधला आणि दोघांचाही २३ जानेवारीचा. लुइस १९१५ चे, वॉलकॉट १९३० चे. या योगायोगामुळे बेटावर दरवर्षी जानेवारीत नोबेल विजेत्यांचा उत्सव भरतो. दोघांमधले दुसरे साम्य जन्मतारखेपेक्षा खोल आहे. दोघांचेही वडील लवकर वारले आणि दोघांनाही विधवा आईने वाढवले.

लुइस यांचे आईवडील शिक्षक होते आणि १९०३ मध्ये अँटिग्वाहून सेंट लुसियाला आले होते. आर्थर सात वर्षांचा असताना आजारपणामुळे त्याची शाळा बुडाली, तेव्हा वडिलांनी घरीच रोज शिकवायला घेतले. तीन महिन्यांत मुलगा इतका पुढे गेला की परतल्यावर त्याला चौथीतून थेट सहावीत बसवले. त्याच सुमारास वडील गेले. आई आयडा यांच्या पदरात पाच मुलगे राहिले, थोरला सतरा वर्षांचा आणि धाकटा पाचचा. चौदाव्या वर्षी आर्थरची शाळा संपली. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचे तर वय कमी, म्हणून त्याने सरकारी कचेरीत कारकुनी धरली. टंकलेखन, टिपणे, कागद लावून ठेवणे तो तिथे शिकला. १९३२ मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढल्या वर्षी तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाला. नोबेलच्या वेळी लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात लुइस यांनी आईबद्दल मोजकेच लिहिले आहे, पण ते विसरता येत नाही. शाळेतली मुले पुरुष बाईपेक्षा श्रेष्ठ असल्याच्या गप्पा मारू लागली की त्यांना ती वेडी झाली आहेत असे वाटे. घरात रोज जे दिसत होते त्यावरून त्यांना दुसरे काही वाटणे शक्यही नव्हते.

वॉलकॉट यांचे वडील वॉरिक हौशी चित्रकार. ते १९३१ मध्ये गेले तेव्हा डेरेक आणि त्याचा जुळा भाऊ रॉडरिक वर्षाचे होते. एक बहीण होती. आई ॲलिक्स मूळच्या सिंट मार्टिनच्या. कॅथलिकांच्या बेटावरच्या मूठभर मेथडिस्टांपैकी त्या एक. मेथडिस्ट बालशाळेत त्या शिकवत आणि घरी लोकांचे कपडे शिवत. शेक्सपिअरचे उतारे त्यांना पाठ होते आणि घरात वावरताना त्या ते म्हणत. डेरेकने अठराव्या वर्षी कवितांचे पुस्तक छापायचे ठरवले. छपाईला दोनशे डॉलर हवे होते. शिक्षिकेच्या पगारात आणि शिवणाच्या मिळकतीत ही रक्कम भलतीच मोठी होती. आई अस्वस्थ झाल्या, पैसे नाहीत म्हणाल्या, आणि मग त्यांनी ते कुठून तरी उभे केले. १९४८ मध्ये त्रिनिदादमध्ये छापलेले ते पुस्तक मुलाने ओळखीच्यांना, रस्त्यात भेटेल त्याला विकले आणि खर्च भरून काढला. ॲलिक्स १९९० मध्ये वारल्या, मुलाच्या नोबेलच्या दोन वर्षे आधी. १९९७ च्या ‘द बाउंटी’ या संग्रहातली शीर्षककविता हा त्यांचाच शोक आहे. कॅस्ट्रीजच्या शॉसे रोडवर शिलाई मशीन जिथे चाले ते घर आज कवीच्या नावाने जपलेले आहे. खरे तर त्यावर त्या माउलीचाही तेवढाच हक्क आहे.

या दोघी अपवाद नव्हत्या. कॅरिबियन समाजात आईला जे स्थान मिळाले त्याची मुळे गुलामगिरीच्या काळात आहेत. उसाच्या मळ्यांवर मूल कोणाचे, हा प्रश्न कायद्याने एका ओळीत सोडवला होता: आई गुलाम तर मूल गुलाम, आणि मालकी आईच्या मालकाची. बापाला कायद्यापुढे अस्तित्व नव्हते. तो शेजारच्या मळ्यावर असे, विकला जाई, किंवा तो मालकच असे आणि मुलाला आपले म्हणत नसे. ब्रिटिश वसाहतींत १ ऑगस्ट १८३४ रोजी गुलामगिरी कागदावर संपली आणि १८३८ मध्ये प्रत्यक्षात. नंतर बापाला घरापासून दूर नेणारी कारणे बदलली, घरी राहणारी आई तीच राहिली. १९०४ ते १९१४ या काळात पनामा कालवा खणायला एकट्या बार्बाडोसमधून सुमारे वीस हजार पुरुष करारावर गेले. कित्येक परतले नाहीत. गावात उरल्या आई आणि आजी.

हैतीच्या क्रिओल भाषेत अशा स्त्रीला ‘पोतो मितान’ म्हणतात. व्हूडू देवघराचे छप्पर ज्याच्यावर तोललेले असते तो मधला खांब म्हणजे पोतो मितान. जुन्या घरांतली मेढ आठवावी. मार्टिनिक आणि ग्वादलुपमध्येही आईसाठी हाच शब्द रूढ आहे. त्यात गौरव आहे तसा भारही आहे. खांबाला बसता येत नाही, ही तक्रार आता तिथल्या मुलीच बोलून दाखवू लागल्या आहेत, आणि ती रास्त आहे.

वसाहतीच्या अधिकाऱ्यांना या घरांत फक्त उणीव दिसली. लग्नाशिवाय मुले, एका छपराखाली आजी, आई, मावशी आणि सगळ्यांची लेकरे. त्यांच्या लेखी हे मोडलेले कुटुंब होते. जमैकात १९४० च्या दशकात गव्हर्नरच्या पत्नीच्या पुढाकाराने सामुदायिक लग्नांची मोहीमही झाली आणि काही वर्षांतच बारगळली. एडिथ क्लार्क या जमैकन संशोधिकेने तीन गावांतल्या कुटुंबांचा अभ्यास करून १९५७ मध्ये ‘माय मदर हू फादर्ड मी’ हे पुस्तक लिहिले. हे शीर्षक त्यांनी बार्बाडोसचे कादंबरीकार जॉर्ज लॅमिंग यांच्या १९५३ च्या कादंबरीतून घेतले होते. जी माझी आई होती आणि जिने बापपणही केले, असा त्याचा अर्थ. हे घर मोडलेले नाही, त्याची बांधणी निराळी आहे, हे त्या अभ्यासाने पुराव्यानिशी मांडले. कायदा मागून आला: लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाला समान हक्क देणारा कायदा जमैकाने १९७६ मध्ये केला.

एकटीने घर चालवायचे म्हणजे आधी पैशाचे गणित. कॅरिबियन बायका ते बाजारात शिकल्या. जमैकातल्या मळ्यांवर गुलामांना पोटापुरते पिकवायला डोंगरउतारावर जमिनीचे तुकडे दिले जात. उरलेले कंद, भाजी, कोंबड्या ते रविवारच्या बाजारात विकत. गुलामगिरी संपल्यावर हा बाजार बहुतांशी बायकांच्या हाती आला. जमैकात त्यांना ‘हिगलर’ म्हणतात. हैतीत ‘मादान सारा’, एका गलबलाट करणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून. पहाटे डोंगर उतरून टोपली डोक्यावर घेऊन येणारी आजी कित्येक डॉक्टर-वकिलांच्या घराण्याच्या मुळाशी आहे.

बचतीसाठी बँक नव्हती. होती ती भिशी. मराठी वाचकाला हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. दर आठवड्याला ठरलेली रक्कम सगळ्यांनी टाकायची आणि पाळीपाळीने एकाने सगळी उचलायची. त्रिनिदादमध्ये तिला ‘सूसू’ म्हणतात. हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा भाषेतल्या ‘एसुसू’वरून आला, म्हणजे जहाजाच्या तळाशी साखळदंडात आणलेल्या माणसांनी ही रीत मनात जपून आणली होती. बार्बाडोसमध्ये ती ‘मीटिंग टर्न’, गयानात ‘बॉक्स हँड’ आणि जमैकात ‘पार्टनर’. पैसे सांभाळणारी बाई ‘बँकर’, हप्ता म्हणजे ‘थ्रो’, उचल म्हणजे ‘ड्रॉ’. कागद नाही, सही नाही, शब्द हाच करार. एखादीच्या घरी कोणी आजारी पडले की बँकर तिची पाळी पुढे आणते. १९५० च्या दशकात ब्रिटनमधल्या बँका कृष्णवर्णीयांना घरासाठी कर्ज द्यायला तयार नव्हत्या, भाड्याच्या खोल्यांच्या खिडक्यांत त्यांना मज्जाव करणाऱ्या पाट्या लागत. तेव्हा अनेक कुटुंबांनी पहिल्या घराची अनामत याच पार्टनरमधून भरली. शब्द पाळायला शिकवण्याची याहून पक्की शाळा शोधून सापडणार नाही: आईने घरात काही नसतानाही शुक्रवारचा थ्रो चुकवला नाही, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले होते.

बोलून शिकवायची वेळ आली की आई म्हणीत बोले. जमैकन म्हण सांगते की एकेक कोको टाकत टोपली भरते. कोको म्हणजे अळकुडीच्या जातीचा कंद. कोंबडीची पिल्ले फार बागडू लागली की घार जवळच असते. जो कानाने ऐकत नाही त्याला अंगाने सोसावे लागते. न ऐकणाऱ्या पोराला म्हणायचे ‘हार्ड एअर्स’, टणक कानांचे. आणि सगळ्या संस्कारांना मिळून एक शब्द आहे ‘ब्रॉटप्सी’. मराठीत त्याला ‘वळण’ हा तंतोतंत शब्द आहे. दुकानात किंवा बसमध्ये शिरताना आधी सगळ्यांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणणे, मोठ्यांना नुसत्या नावाने हाक न मारणे, चर्चचे कपडे आणि शाळेचे बूट निराळे जपणे, हे सारे ब्रॉटप्सीत येते. एकेकाळी ज्यांच्या पूर्वजांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांच्या आयांनी इस्त्रीच्या घडीवर आणि नमस्कारावर एवढा जोर द्यावा, यामागची वेदना समजून घेतल्याशिवाय त्या वळणाचा अर्थ लागत नाही.

लुइस बेनेट, म्हणजे जमैकाच्या लाडक्या ‘मिस लू’ (१९१९–२००६), यांनी घराघरांतल्या या बोलीला रंगमंच आणि छापील पान मिळवून दिले. बेकरीवाले वडील त्या सात वर्षांच्या असताना वारले. आई केरीन शिवणकाम करत. किंग्स्टनच्या त्या घरात मशीनभोवती नाना थरांतल्या बायका येऊन बसत आणि मुलगी त्यांची बोली कानात साठवत असे. आईच्या लेखी प्रत्येक गिऱ्हाईक ‘लेडी’ होती: मासे विकणारी लेडी, सुरण विकणारी लेडी, दुकानातली लेडी, शाळेतली लेडी. रंगाच्या छटेवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या शहरात एका शिंपिणीने हा एक शब्द सगळ्यांना सारखा वाटला. ज्या बोलीला शाळेत मार पडत होता ती सन्मानाने वापरायचे धैर्य मिस लूंना इथूनच मिळाले असे मानायला जागा आहे.

जुने उदाहरण मेरी सीकोल यांचे. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या या जमैकन स्त्रीचे नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यामागे बरीच वर्षे झाकले गेले. किंग्स्टनमध्ये त्यांची आई ब्लंडेल हॉल हे विश्रांतिगृह चालवी आणि झाडपाल्याची औषधे देई. आईचे पाहून मुलगी आधी बाहुलीवर उपचार करी, मग कुत्र्यामांजरांवर, मग स्वतःवर. १८५७ मध्ये छापलेल्या आत्मकथेत त्यांनी हे सांगितले आहे.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या पॉल मार्शल (१९२९–२०१९) यांना आठवे ते तळघरातले स्वयंपाकघर. बार्बाडोसहून आलेली आई आणि तिच्या मैत्रिणी दिवसभर गोऱ्यांच्या घरी फरशा पुसून येत आणि चहा-कोको घेत टेबलाभोवती बोलत बसत: राजकारण, महागाई, नवरे, मायदेश. मुलगी कोपऱ्यात ऐकत असे. १९८३ मध्ये लिहिलेल्या निबंधात मार्शल यांनी आपले पहिले साहित्यगुरू म्हणून याच बायकांना मान दिला.

सगळ्याच आठवणी गोड नाहीत, आणि त्या गोड करून सांगणे आईवरही अन्याय करणारे आहे. अँटिग्वात १९४९ मध्ये जन्मलेल्या जमेका किंकेड यांना आईने साडेतीन वर्षांची असताना वाचायला शिकवले, सातव्या वाढदिवसाला ऑक्सफर्डचा शब्दकोश दिला. मग एकामागून एक तीन भाऊ झाले, घर तंगीत आले, आणि त्याच आईने हुशार मुलीची शाळा थांबवून तिला अमेरिकेत मुले सांभाळायच्या नोकरीवर धाडले. १९७८ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापलेली त्यांची ‘गर्ल’ ही कथा म्हणजे एकच लांब वाक्य आहे. आई मुलीला सांगत सुटते: धुणे, टीप, इस्त्री, झाडलोट, टेबल मांडणे, परक्यांपुढे वागणे; मधूनच मुलीच्या चालचलणुकीवर जिव्हारी लागणारा वार. मुलगी फक्त दोनदा तोंड उघडते. वाचणाऱ्याला आधी जाच दिसतो. पुन्हा वाचल्यावर कळते की ही बाई आपल्याजवळचे सगळे ज्ञान, दयामाया न करणाऱ्या जगात मुलीला तगवण्यासाठी, एका दमात तिच्या ओटीत ओतते आहे. मार हाही त्या संगोपनाचा भाग होता; पट्टा, चप्पल, चिंचेची फोक. त्याचे समर्थन आज तिथेही सगळे करत नाहीत.

दूर गेलेल्या आईची आठवण आणखी वेगळी. २२ जून १९४८ रोजी ‘एम्पायर विंडरश’ या जहाजातून आलेले कॅरिबियन प्रवासी लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उतरले. दोनच आठवड्यांनी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि पुढे हजारो कॅरिबियन स्त्रिया तिथे परिचारिका झाल्या. कादंबरीकार अँड्रिया लेव्ही यांचे वडील त्याच जहाजाने आले, आई काही महिन्यांनी. जमैकात त्या शिक्षिका होत्या. इंग्लंडमध्ये ती पात्रता धरली गेली नाही, म्हणून त्या शिवणकामाला लागल्या आणि पुढे नव्याने शिकून पुन्हा शिक्षिका झाल्या. घरात जमैकाविषयी फारसे बोलणे नसे. मुलांना वेगळेपणाचा त्रास होऊ नये म्हणून आईवडिलांनी पत्करलेले ते मौन होते. ‘स्मॉल आयलंड’ (२००४) या कादंबरीने ते मौन अखेर बोलते केले.

कॅनडाने १९५५ ते १९६७ या काळात घरकामासाठी कॅरिबियन बायकांना प्रवेश दिला. अट अशी की त्या अविवाहित आणि मूलबाळ नसलेल्या असाव्यात. कित्येक आयांनी अर्ज भरताना आपली लेकरे लपवली आणि त्यांना आजीकडे ठेवून त्या गेल्या. पुढे १९७७ मध्ये, मुलांची माहिती दिली नव्हती या कारणावरून, सात जमैकन आयांना हद्दपारीचे आदेश मिळाले. लोक त्यांच्या मागे उभे राहिले आणि १९७९ मध्ये त्यांना राहू देण्यात आले. परदेशातून आई पिंप भरून सामान पाठवी: तांदूळ, साबण, बूट, वह्या, नाताळची बाहुली. वेस्ट इंडीज विद्यापीठातल्या क्लॉडेट क्रॉफर्ड-ब्राउन यांनी अशा मुलांना ‘बॅरल चिल्ड्रन’ म्हटले. पिंपाचे झाकण उघडताच येणारा साबणाचा वास हीच एका पिढीची आईची आठवण आहे, आणि त्या वासात किती वर्षांचा विरह भरला आहे ते त्यांनाच ठाऊक.

या बेटांवरच्या भारतीय आईची कथा याला समांतर जाते. १८३८ ते १९१७ या काळात पाच लाखांहून अधिक भारतीय करारावर कॅरिबियनला नेले गेले, बहुतेक कलकत्ता बंदरातून, आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. त्रिनिदादमध्ये आजही वडिलांच्या आईला ‘आजी’ आणि आईच्या आईला ‘नानी’ म्हणतात. भोजपुरीतून गेलेला तो पहिला शब्द मराठी माणसाला घरचाच वाटेल. व्ही. एस. नायपॉल यांनी वडिलांवर ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’ ही कादंबरी लिहिली. सात मुलांच्या आईची, द्रौपतींची बाजू मांडायला २०१८ उजाडले. ते काम सावी नायपॉल अकाल या मुलीने नेपॉल स्ट्रीटवरच्या घराच्या आठवणी लिहून केले.

आई गेल्यावर जमैकात ‘नाइन नाइट’ पाळतात. मृतात्मा नऊ रात्री घराभोवती असतो आणि नवव्या रात्री निरोप घेतो, असा समज. घराला ‘डेड यार्ड’ म्हणतात. आमंत्रण लागत नाही. तळलेले मासे, पाव, कॉफी, पांढरी रम. डॉमिनोजच्या सोंगट्यांची खडखड. एक जण भजनाची ओळ मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ती गातात, कारण जुन्या पिढीत सगळ्यांना वाचता येत नसे. तिच्या आवडीच्या पदार्थांचे ताट वेगळे मांडलेले असते, मध्यरात्रीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. मग तिच्या खोलीतले सामान इकडचे तिकडे करतात, गादी उलटतात, म्हणजे परत आली तरी तिला खोली ओळखू येऊ नये. नताशा गॉर्डन यांचे ‘नाइन नाइट’ हे नाटक २०१८ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आले. विंडरशच्या पिढीतली आई वारली आहे, आणि इंग्लंडमध्ये वाढलेली मुले ती रात्र पाळायची कशी हे चाचपडत आहेत. त्रिनिदादच्या हिंदू घरात तेराव्याला भंडारा असतो.

स्वयंपाकघरातली आठवण त्यानंतरही सुरूच राहते. नाताळच्या काळ्या केकसाठी मनुका आणि सुके प्लम महिनोनमहिने रममध्ये भिजत ठेवलेले असतात. साखर जाळून त्याला काळा रंग आणतात. मापे बहुधा लिहिलेली नसतात, अंदाज हाताचा. चार्मेन विल्करसन यांच्या २०२२ च्या ‘ब्लॅक केक’ कादंबरीत आई मुलांसाठी फ्रीजरमध्ये असाच एक केक आणि स्वतःच्या आवाजातली लांब ध्वनिफीत ठेवून जाते. तिने आयुष्यभर न सांगितलेले सगळे त्यात असते.

जमैकाच्या खेड्यांत आईला बहुधा कुटुंबाच्या जमिनीतच पुरतात. ‘फॅमिली लँड’ म्हणतात ती ही जमीन गुलामगिरी संपल्यावर पूर्वजांनी पै पै जोडून घेतलेली. रिवाजाने ती विकत नाहीत, वाटतही नाहीत. मुलगे आणि मुली दोघांच्याही वंशजांचा तिच्यावर सारखा हक्क, कोणी लंडनला असो की टोरंटोला. वर्षभराने पैसे जमले की थडग्यावर सिमेंटचे बांधकाम करतात आणि त्यासाठी परदेशातली लेकरे परततात. जवळपास कुठे तरी एखादे नारळाचे किंवा विलायती फणसाचे झाड असते. मूल जन्मले की त्याची नाळ पुरून तिच्यावर झाड लावायची तिथे रीत आहे, आणि कोणते झाड कोणाचे हे आईने मुलांना दाखवून ठेवलेले असते.